खडकापर्यंत

खाडीवर पूल नव्हता, काठाला डांबर नव्हतं, त्याच्याही फार मागची ही गोष्ट. माडवेळ गावात धाकू नावाचा तारी होता. खाडी पार करायची तर त्याच्याच होडीतून.

धाकूची एक खोड होती. "नेशील ना पार?" असं विचारलं की तो कधी हो म्हणत नसे. म्हणायचा, "खडकापर्यंत जाव, मगे बघू." खाडीच्या ऐन मध्यावर कासवाच्या पाठीसारखा एक खडक होता. त्याच्या आडोशाला पाणी संथ असे. काठावरून खाडीचं मुख डोंगराआड जायचं, खडकाजवळून मात्र थेट समुद्रापर्यंत दिसायचं. धाकू तिथं होडी थोपवायचा, पाणी बघायचा आणि मग पुढं किंवा मागं. गाव त्याची टिंगल करी. धाकू जेवायला बसला तरी अर्ध्या भातावर थांबून पुढचं ठरवतो, असं म्हणत.

एका आषाढात त्याची लेक शेवंती बाळंतपणाला माहेरी आली. दोन दिवस कळा येत होत्या, पण सुटका होईना. जाणती सुईण पलीकडच्या तिवरवाडीत, तीही म्हातारपणानं अंथरुणाला खिळलेली. शेवंतीलाच न्यायला हवं होतं आणि खाडीला उधाण आलेलं.

गावाच्या रिवाजाप्रमाणं कौल लावला. बापू गुरवानं देवीच्या पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवल्या. उजवी पडली तर जावं, डावी पडली तर जाऊ नये. पाकळी हलेना. बापूनं पुन्हा गाऱ्हाणं घातलं. तरी हलेना. मानकरी म्हणाले, देवी विचार करते आहे, तोवर सगळ्यांनी थांबू या. माणसं निवांत बसली. कुणीतरी पान लावायला घेतलं. देवळालगतच्या धाकूच्या घरातून शेवंतीचा आवाज येत होता, तो हळूहळू बारीक होत गेला. धाकू ऐकत होता. आवाज थांबेल की काय, याचीच त्याला भीती वाटू लागली.

तो उठला. म्हणाला, "बापू, जाण्याचो कौल लावलंस. थांबण्याचो लावलंस काय?"

बापू पाषाणाकडं वळला. असं म्हणतात, त्या क्षणी दोन्ही पाकळ्या एकदम गळून पडल्या.

चादरीच्या झोळीतून शेवंतीला होडीत ठेवलं. तिची आई उशाशी बसली. लाटा होडीच्या काठांवरून आत येत होत्या, पण धाकूनं होडी खडकापर्यंत नेली. तिथून त्यानं मुखाकडं पाहिलं. पुढचं पाणी वाईट होतं, मागचंही वाईट होतं. त्याला काहीच कळेना. मग तो लेकीकडं वळला.

"बाय, परतायचा?"

शेवंतीनं डोळे उघडले. "नको बाबा. फुडे चल."

असं म्हणतात, धाकूनं वल्हं मारलं आणि खडकही हलला. होडीला आडोसा देत तो पलीकडच्या काठापर्यंत पोहत गेला. दिवस मावळायच्या आत सुईणीच्या पडवीत शेवंतीला मुलगी झाली.

पुढं लोक म्हणू लागले की धाकूला सगळं आधीच ठाऊक होतं. तो मान हलवायचा. "ठावक नव्हता. खडकापर्यंतचाच ठावक होता."

आज खडक मध्यावर नाही, तिवरवाडीच्या बाजूला आहे. खाडीवर पूल झाला आहे, होडीला इंजिन आलं आहे. तरी माडवेळची नवरी सासरी होडीनंच निघते. तारी खडकाजवळ इंजिन बंद करतो, धाकूच्या नावानं नारळ वाढवतो आणि विचारतो, "बाय, परतायचा?" नवऱ्या हसतात, रडतात आणि "फुडे चल" म्हणतात.

एका वर्षी एक जण "होय" म्हणाली. पलीकडं वाजंत्री वाजत होती. तारीनं खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातावर ठेवला आणि होडी वळवली.