एकशे चाळीस ठिपके

“...पण मग तुमचंच नाव का खोडलंत, बाई?”

निनाद खर्डेकरने खांद्यावरची पिशवीसुद्धा अजून उतरवली नव्हती. हैदराबादहून रेल्वेने मिरज, मिरजेहून एसटीने कुरुंदवाड, आणि स्टँडवरून चालत बाईंचं घर. वाटेत त्याने बरंच काही पाठ केलं होतं. दार उघडल्यावर तोंडून निघालं ते एवढंच.

वत्सला हेरलेकर उंबऱ्याशी उभ्या होत्या. हाताला बेसन लागलेलं.

“चपला काढ आधी,” त्या म्हणाल्या. “आणि पाणी पी.”

बाई मेंदूविकारांच्या डॉक्टर. चाळीस वर्षं त्यांनी सूक्ष्मदर्शकाखाली मेंदूचे काप पाहिले. मेंदू दोन्ही हातांनी उचलायचा, झोपलेलं मूल उचलतात तसा, हे निनादला त्यांनीच शिकवलं. आता त्या निवृत्त होऊन गावी राहत होत्या, अप्पांना घेऊन.

अप्पा म्हणजे त्यांचे यजमान. जमीन मोजणी खात्यात त्यांची नोकरी झाली. सहा वर्षांपूर्वी ते बाजारातून घरी यायची वाट विसरले. मग हळूहळू बाकीचंही.

निनादने महिन्यापूर्वी बाईंना आपला शोधलेख पाठवला होता. नियतकालिकाकडे तो आधीच गेला होता. बाईंनी वाचावा तो केवळ आनंदासाठी. लेख परत आला. बत्तीस पानांत एकच दुरुस्ती. लेखकांच्या यादीतलं शेवटचं नाव, डॉ. वत्सला हेरलेकर, तांबड्या शाईने खोडलेलं.

सोप्यावर अप्पा आरामखुर्चीत बसले होते. मांडीवर चिवड्याची ताटली. त्यांनी निनादकडे बराच वेळ निरखून पाहिलं.

“गट नंबर काय तुमचा?”

निनादने बाईंकडे पाहिलं.

“सांग काहीतरी. सांगितल्याशिवाय चैन पडत नाही त्यांना.”

“एकशे चाळीस,” निनाद म्हणाला. गेली तीन वर्षं त्याच्या डोक्यात तोच आकडा होता.

अप्पांनी मान हलवली. “हद्दीचा वाद आहे त्यात.”

बाई हसल्या. अगदी खुदकन. निनादला हसू आलं नाही.

तो आकडा त्याच्या शोधाचा होता. जनुकांची अक्षरं माणसाच्या जन्मापासून तीच राहतात. पण त्यांच्यावर मिथाइलचे बारीक ठिपके पडत असतात, पुसले जात असतात. कुठलं जनुक बोलायचं आणि कुठलं गप्प बसायचं, ते बरंचसं या ठिपक्यांवर ठरतं. स्मृतिभ्रंशाने गेलेल्या बासष्ट माणसांचे मेंदू निनादने धडधाकट माणसांच्या मेंदूंशी ताडून पाहिले. एकशे चाळीस ठिकाणी ठिपके बदललेले होते.

रोगाने मेंदूवर केलेली सही, असं तो भाषणांतून म्हणायचा. मूळ कारण सापडलं, असंही.

“त्या बासष्टपैकी एक्केचाळीस मेंदू तुम्ही मिळवलेत,” तो म्हणाला. “लोकांच्या दारात जाऊन, त्यांची बोलणी खाऊन. तुमचं नाव लेखावर हवंच, बाई. तो तुमचा मान आहे.”

“चहा साखरेचा की गुळाचा?”

“बाई...”

“गुळाचा करते.”

त्या आत गेल्या. निनाद बाकावर बसून राहिला. अप्पा चिवडा खात होते. खात होते म्हणजे त्यातले शेंगदाणे वेचत होते. पोहे बोटाने बाजूला सारायचे, शेंगदाणा शोधायचा, तोंडात टाकायचा आणि पुन्हा शोधाला लागायचं. घाई नव्हती. ताटलीत आता एकही शेंगदाणा दिसत नव्हता, तरी ते शोधत होते.

बाई चहा घेऊन आल्या. निनादने पुन्हा सुरुवात केली, आणि या खेपेला त्याचा आवाज चढला.

“तुम्ही लेख नीट वाचलाच नसेल. वय धरलंय, स्त्री-पुरुष फरक धरलाय, मृत्यूनंतर किती तासांनी मेंदू हाती आला तेही धरलंय. चूक कुठे आहे ते दाखवा. नुसतं नाव खोडून...”

बाईंनी अप्पांच्या मांडीवरची ताटली हलकेच उचलली आणि निनादपुढे धरली.

“खा.”

“मला भूक नाही.”

“घासभर खा.”

गुरूने सांगितलं म्हणून त्याने चिमूटभर तोंडात टाकला.

“कसा झालाय?”

“बरा आहे.” तो थांबला. “तुमच्या हातचा वाटत नाही. कोरडा लागतोय.”

“सकाळी केला तेव्हा झकास होता. पोह्यांना काय झालं असेल?”

“पोह्यांना काही झालेलं नाही, बाई. शेंगदाणे...”

तो बोलता बोलता थांबला.

बाईंनी ताटली परत अप्पांच्या मांडीवर ठेवली. अप्पा पुन्हा शोधू लागले.

निनादने कप खाली ठेवला. तो हुशार होता. त्याला फार वेळ लागला नाही.

“...या आजारात आधी चेतापेशी मरतात,” तो हळू म्हणाला, स्वतःशीच बोलावं तसा. “त्यांना सांभाळणाऱ्या बाकीच्या पेशी मागे राहतात. दोघींचे ठिपके जन्मतःच वेगळे. मी मेंदूचा तुकडा घेतला, सगळा एकत्र वाटला आणि ठिपके मोजले.”

“हं.”

“म्हणजे मला जो बदल दिसला, तो ठिपक्यांचा नसेलही. कोण गेलं आणि कोण उरलं, एवढाच असेल.”

अंगणातल्या दोरीवर अप्पांचे सदरे वाळत होते. बाईंनी उठून एक उलटा केला आणि येऊन बसल्या.

“याला एक हिशेबी दुरुस्ती असते,” त्या म्हणाल्या. “पेशींच्या प्रमाणाचा अंदाज घेऊन करतात ती. तुला ठाऊक नाही असं होणार नाही.”

निनादने कप पुन्हा उचलला.

“केली होतीस?”

“केली होती.”

“मग?”

“अंदाजच असतो तो, बाई. खात्रीचा नसतो. म्हणून लेखात...”

“किती उरले?”

निनादने मान खाली घातली. हा आकडा त्याने आजवर कुणाला सांगितला नव्हता.

“अकरा.”

अप्पा मध्येच म्हणाले, “अकराचा सातबारा वेगळा.”

“हो ना,” बाई त्यांना म्हणाल्या. “वेगळाच.” मग निनादकडे वळल्या. “अकरा म्हणजे थोडे नव्हेत, बाळ. मला सगळ्या आयुष्यात दोन मिळाले असते तरी मी पेढे वाटले असते.”

बऱ्याच वर्षांनी त्या त्याला बाळ म्हणाल्या होत्या. निनादचे डोळे भरून आले आणि ते त्याला आवडलं नाही.

“मग मला फोन का नाही केलात? मी लगेच...”

“तुला करणार होते. त्याआधी मलाच एक आला. इचलकरंजीच्या रुकसाना बागवानचा. तिच्या वडिलांचा मेंदू आपल्याकडे आहे, आठवतं? ती पाणीसुद्धा देईना मला पहिल्यांदा. चौथ्या खेपेला तिने कागदावर सही केली.”

“आठवतं.”

“तिच्या थोरल्या भावाला आता तेच सुरू झालंय. तुझं भाषण तिने मोबाइलवर ऐकलं. मला म्हणाली, बाई, तुमच्या पोरानं कारण शोधलंय म्हणं, आता औषध कवा येतंय? भावाला दवाखान्यात न्यायचं थांबवलंय तिने. नव्या औषधाची वाट बघतेय. मग तुला फोन नको वाटला, तू समोर यायला हवा होतास.”

निनादने दोन्ही हातांनी चेहरा झाकला.

बाईंनी त्याला तसं बसू दिलं. थोड्या वेळाने त्याचा गार झालेला चहा आत नेऊन पुन्हा गरम करून आणला.

“मी तिला काय सांगू?” त्याने विचारलं.

“मी सांगितलंय तिला, दवाखाना सोडू नको. उरलेलं तू सांग. फोनवर नको, जाऊन सांग. एसटीने तास-दीड तास.”

“चिडेल ती.”

“चिडेल. मग पाणी देईल.”

निनादने पिशवीतून लॅपटॉप काढला. नियतकालिकाच्या संपादकाला पत्र लिहिलं, चारच ओळी: लेख मागे घेत आहे, निष्कर्ष पुन्हा तपासायचे आहेत, चूक माझी आहे. पाठवण्याआधी त्याने ते बाईंना वाचून दाखवलं. ‘चूक आमची’ असं करू का, असं त्याने विचारलं नाही, याचं बाईंना बरं वाटलं असावं. त्यांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला, तो पत्र जाईपर्यंत तसाच.

मग दोघं कामाचं बोलू लागली, पूर्वी प्रयोगशाळेत बोलायची तशी. चेतापेशी वेगळ्या निवडायच्या. मगच त्यांच्यावरचे ठिपके मोजायचे. आहेत त्या नमुन्यांतले किती चालतील, किती खराब झालेत. बाईंनी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर यादी केली. त्यांचं अक्षर अजून तसंच, मोत्याचं.

“दोन वर्षं जातील,” निनाद म्हणाला.

“जाऊ देत.”

“जुने नमुने पुरणार नाहीत, बाई. नवे लागतील. आणि आजाराची वर्षं नेमकी ठाऊक असलेले. कधी सुरू झाला, काय काय गेलं, कुठल्या क्रमाने, हे ज्यांच्या घरच्यांनी नीट लिहून ठेवलंय असे...”

बोलता बोलता त्याची नजर अप्पांकडे गेली.

अप्पा ताटली बाजूला ठेवून खुर्चीत पेंगत होते. डोकं एका बाजूला कललेलं. पांढरे विरळ केस, त्याखाली कपाळाची कड. निनादची नजर तिथे थांबली, क्षणभरच, पण जशी थांबायला नको होती तशी.

त्याच्या लक्षात आलं. त्याने झटकन मान वळवली. बाई त्याच्याकडेच पाहत होत्या.

“बाई... मी... मला तसं...”

“तसंच पाहिलंस.”

त्याच्या कानांच्या पाळ्या तापल्या. पंचवीस वर्षं या माणसाने त्याला घरचा मानलं होतं. परीक्षेच्या दिवसांत स्वतः डबा आणून दिला होता. उठून निघून जावं असं त्याला वाटलं.

“माफ करा, बाई.”

बाई उठल्या. अप्पांच्या मानेखाली त्यांनी उशी सारली. अप्पांनी डोळे न उघडताच त्यांचं मनगट धरलं. त्यांनी ते सोडवून घेतलं नाही. तशाच वाकून उभ्या राहिल्या.

“मीही पाहते कधीकधी,” त्या म्हणाल्या. “चाळीस वर्षांची सवय. हे जेवत असतात समोर, आणि मी मनात काप घेत असते...”

निनादने यादीचं कॅलेंडर बाजूला ठेवलं.

“मग काय करता, बाई?” त्याने विचारलं.

“मग त्यांची नखं कापते.”