पाच नंबरचं वळण

“कोइमतूरला हा झेंडा मला दिसला असता. चेन्नईला दिसला असता. नोएडाला तर आंधळ्यालाही दिसला असता. इथंच का दिसला नाही, ते सांगा मला.”

वस्ताद टायरांच्या थप्पीवर बसून भडंग खात होते. आधी शेंगदाणे वेचायचे, मग चुरमुरे.

कोल्हापूरबाहेरच्या माळावर मोटारींच्या शर्यतीचा एक ट्रॅक होता. महिन्यातून एका रविवारी तो हौशी लोकांना उघडा असे. पैसे भरायचे, मनगटाला कागदी पट्टा बांधून घ्यायचा आणि आपली गाडी आपल्या हिमतीवर पळवायची. बक्षीस नाही, हार नाही. फक्त प्रत्येक फेरीची वेळ.

विचारणारा होता डॉक्टर निशिकांत देवस्थळी. पुण्यात दातांचे दोन दवाखाने. दोन माणसांपुरती लाल गाडी, आणि ती तो बरी चालवी. हे त्याला स्वतःला इतरांपेक्षा जरा जास्त ठाऊक होतं.

सकाळी त्याच्या हातून चूक झाली होती. पाचव्या वळणावर पिवळा झेंडा हलत होता. पिवळा झेंडा म्हणजे पुढं धोका आहे, वेग टाका, कुणाला मागं टाकू नका. डॉक्टरनं वेग टाकला नाही. एका गाडीला मागं टाकलं, तेही तिथंच.

ट्रॅकचा नियम सरळ होता. ज्या वळणाचा झेंडा मोडला, त्या वळणावरच्या माणसानं होकार दिला तरच गाडी पुन्हा आत.

पाचव्या वळणावर तीस वर्षं बाबालाल मुजावर उभे होते. त्यांना सगळे वस्ताद म्हणत.

चार वाजता दिवसाची शेवटची खेप. तिच्यात वेळ मोजून गट ठरायचे. ‘अ’ गटात शिरायला डॉक्टर दोन वर्षं धडपडत होता. दर वेळी दीड सेकंदानं मागं राहत होता.

सव्वातीन वाजत आले होते. होकार मिळाला नव्हता.

“मी उगाच बोलत नाही वस्ताद.” डॉक्टरनं खिशातून वही काढली. “हे बघा. चारही ट्रॅक मी चालवलेत. सगळं लिहून ठेवलंय.”

“वाचा.”

“कोइमतूर. लहान, वळणावर वळण. गाडीपेक्षा चालवणाऱ्याची परीक्षा. चेन्नई. मोठा, वेगाची वळणं, हवा दमट, टायर लवकर तापतात. नोएडा. पाच किलोमीटरच्या वर. नुसता सरळ रस्ताच किलोमीटरभर, तिथं ताकदीच्या गाडीचं राज्य. आणि हा तुमचा. चढ-उतार आहे, वळणं बरी आहेत, पण पाचव्या वळणावर ऊन डोळ्यांत येतं.”

“आणखी?”

“डांबर कसं आहे, काठावरचे पट्टे किती उंच आहेत, गाडी घसरली तर वाळू किती आहे. राहायची सोय, जेवणाची सोय. सगळं आहे. पुण्यातली बारा माणसं माझी वही बघितल्याशिवाय कुठं पैसे भरत नाहीत.”

शिकलेला माणूस. शिकलेल्या माणसाकडं प्रत्येक गोष्टीचं कारण असतं.

वस्तादांनी तळहातावरचे चुरमुरे फुंकले.

“कोइमतूरला तिसऱ्या वळणावर कोण असतंय?”

“कोण म्हणजे?”

“माणूस.”

डॉक्टरनं वहीकडं बघितलं. वहीत ते नव्हतं.

“असतो कुणीतरी.”

“चेन्नईला?”

डॉक्टरनं पान उलटलं.

“नोएडाला?”

“हे बघा वस्ताद, माणसं बदलतात. ट्रॅक बदलत नाही.” मग त्याला राग आला. “आणि एक विचारू? तुम्ही स्वतः किती ट्रॅक चालवलेत?”

“एकपण न्हाई. मी सायकलवाला.”

“बघितलेत तरी किती?”

“पाच नंबरचं वळण.”

“म्हणजे हा एकच ट्रॅक.”

“ट्रॅक कुठं म्हटलं मी? वळण म्हटलं.”

“तीस वर्षांत बाकीचा ट्रॅक बघितलाच नाहीत?”

“बाकीचा बघायला बाकीची माणसं हायत.”

डॉक्टर हसला. मोठ्यानं नाही, पण हसला. वस्तादांनी ते बघितलं आणि भडंगाचा कागद घडी करून खिशात घातला.

पिटकडून, म्हणजे गाड्या तयार होऊन उभ्या असतात तिकडून, भोंगा झाला. दुसऱ्या गटाच्या गाड्या निघायची वेळ झाली.

वळणावर दोन माणसं लागतात. वस्तादांचा रोजचा जोडीदार पुतणीच्या साखरपुड्याला गेला होता. त्याच्या जागी शिवा कांबळे होता, पण बंद पडलेली गाडी ओढून आणायला त्यालाच बोलावणं आलं होतं. समोरची जागा रिकामी होती.

वस्ताद उठले. पिवळा झेंडा काखेत मारला. खिशातून शिट्टी काढून डॉक्टरच्या हातात दिली.

“तिथं उभा राहा. त्या पांढऱ्या खुणेवर.”

इतका वेळ ते ‘तुम्ही’ म्हणत होते. डॉक्टरच्या ते लक्षात आलं. पण तो गेला.

“तोंड माझ्याकडं कर. हां. आता माझ्या खांद्यावरनं काय दिसतंय?”

“रस्ता. गाड्या येतात तो.”

“मला तो दिसत न्हाई. माझी पाठ हाय तिकडं. मी बघणार तुझ्या मागं, वळणात. कोण घसरलं, कोण अडकलं. झेंडा माझ्याकडं. येणारी गाडी तुझ्याकडं.”

“म्हणजे तुम्ही येणाऱ्या गाडीकडं बघणारच नाही?”

“न्हाई.”

“आणि ती तुमच्याच अंगावर आली तर?”

“तू शिट्टी मारायची. मी खाली बसणार.”

दोघांच्या आणि रस्त्याच्या मधे कमरेइतकी टायरांची भिंत होती. तेवढीच.

“आणि मी नाही मारली तर?”

“तर मी उभा असणार.”

…

पहिली गाडी आली. मग दुसरी. मग पाच-सहा एका दमात. आतून गाडी चालवताना जो आवाज डॉक्टरला गोड लागे, तो इथं उभं राहून पोटात शिरत होता.

वस्तादांच्या पाठीपासून चार हातांवरून गाड्या जात होत्या. म्हाताऱ्याची पापणी हलत नव्हती.

तिसऱ्या फेरीला निळी गाडी दिसली. हर्षल बोथराची. बोथरा डॉक्टरचा दोस्त. दोन वर्षांपूर्वी ‘अ’ गटात गेलेला, आणि दुसऱ्या गटात सराव म्हणून आलेला. डॉक्टरच्या नजरेनं ती गाडी धरली. ब्रेक कुठं लावतो? आतल्या काठाला किती चिकटतो? त्यानं मान वळवून ती वळणातून बाहेर पडेपर्यंत बघितली आणि मनगटावरचं घड्याळ दाबलं.

तेवढ्यात मागची गाडी काठावर चढली.

खडी उडाली. एक दगड भिंतीवरून आला. धप्प असा आवाज झाला.

डॉक्टरनं मान फिरवली. वस्ताद होते तिथंच होते. चेहरा एकदा आवळला गेला आणि सुटला.

शिट्टी डॉक्टरच्या तोंडातच होती.

“वस्ताद! लागलं का?”

वस्तादांनी एक बोट वर केलं. ते खांद्यावरून मागं, रस्त्याकडं दाखवलं. बस.

पुढच्या फेऱ्यांत किती गाड्या गेल्या ते डॉक्टरला ठाऊक आहे. कुठल्या रंगाच्या, कुणाचं मागचं चाक हलत होतं, कोण घाबरून लवकर ब्रेक लावत होतं, ते ठाऊक आहे. कुणाची वेळ किती, ते विचारू नका.

मग पांढरी गाडी आली. येतानाच वाकडी. मागचा भाग पुढं यायला बघत होता.

डॉक्टरनं शिट्टी मारली.

वस्ताद खाली बसले. वळून बघितलं नाही, डोकं झाकलं नाही. माणूस जेवायला पाटावर बसतो तसे बसले.

गाडी भिंतीला घासली, दोन टायर उडवून पुढं गेली आणि वळणातल्या वाळूत रुतली. धूळ बसायच्या आत वस्ताद उभे होते आणि पिवळा झेंडा बाहेर हलत होता. पाठ तशीच.

पांढऱ्या गाडीचं दार उघडलं. आतला पोरसवदा माणूस बाहेर पडला आणि भांबावून वाळूतून रस्त्याच्याच दिशेनं चालू लागला.

“मागं जा! भिंतीमागं जा!” वस्ताद ओरडले.

बोथराची निळी गाडी आली. झेंडा बघून तिनं वेग टाकला, हळू गेली.

तिच्या मागं एक पिवळसर गाडी. ती हळू झाली नाही.

काचेतून डॉक्टरला हेल्मेट दिसलं. ते खाली झुकलेलं होतं. चालवणारा समोरच्या पट्टीवर आपली वेळ बघत होता.

डॉक्टर शिट्टी मारत राहिला. बंद काचेआड ती ऐकू जात नाही हे त्याला ठाऊक होतं. तो दोन्ही हात वर करून नाचल्यासारखा उड्या मारू लागला.

हेल्मेट वर झालं. चाकं किंचाळली. गाडी त्या पोरसवदा माणसापासून दोन हातांवरून गेली.

…

भोंगा झाला. गाड्या आत गेल्या. टोइंगची गाडी येऊन पांढरी गाडी घेऊन गेली. शिवा तिच्यावरच बसला होता, त्यानं लांबूनच हात केला.

वस्ताद पाणी प्यायला वळले, तेव्हा डॉक्टरला त्यांची पाठ दिसली. सदऱ्यावर रुपयाएवढा लाल डाग होता.

“बघू द्या मला.”

“दातांचा डॉक्टर तू. पाठीचं काय बघतोस?”

“बघू द्या म्हटलं ना.”

त्यानं पाण्यानं जखम धुतली. रुमाल घडी करून दाबून धरला. वस्तादांनी तेवढं करू दिलं.

“वस्ताद, सकाळी… त्या झेंड्याच्या वेळी वळणात कोण होतं?”

“शिवा. गुडघ्यावर बसून गाडीला दोर बांधत होता.”

“मला तो दिसला नाही.”

“त्याला तू दिसलास.”

डॉक्टरनं रुमाल जरा जास्तच दाबला.

चारला दहा मिनिटं होती. बोथरा हेल्मेट काखेत घेऊन धापा टाकत आला.

“काय रे देवस्थळी? दाढा उपटायच्या सोडून झेंड्याची नोकरी धरलीस? चल, तुझी गाडी तापवून ठेवायला सांगितलीय. वस्ताद, सोडता ना याला?”

वस्तादांनी सदरा खाली ओढला.

“माझा होकार हाय. काढ म्हणावं गाडी.”

“बघ! सुटलास!” बोथरानं डॉक्टरच्या पाठीत थाप मारली. “आज तुझा दीड सेकंद निघतोय. टायर नवे, ऊन कललंय, हवा थंड. असा दिवस पुन्हा मिळायचा नाही.”

ते खरं होतं. असा दिवस पुन्हा मिळायचा नाही हे डॉक्टरला त्याच्यापेक्षा चांगलं कळत होतं.

“शिवा आला का परत?” त्यानं विचारलं.

“शिवा तिकडं पांढऱ्या गाडीचं चाक सोडवतोय. का?”

डॉक्टर वस्तादांकडं वळला.

“मग तुमच्या समोर कोण?”

“कोण न्हाई. एकटा उभा राहीन. राहिलोय पुष्कळदा.”

“आणि मागं कोण बघणार?”

वस्तादांनी झेंड्याची काठी पुसली.

“अरे, ते बघतील त्यांचं,” बोथरा म्हणाला. “तीस वर्षं उभे आहेत. पंधरा मिनिटांचा प्रश्न आहे. तुझी दोन वर्षं आहेत यात, निशिकांत.”

डॉक्टरनं लाल गाडीच्या दिशेनं बघितलं. पिटमधे ती दिसत होती. बॉनेटवर ऊन होतं.

“तू जा, हर्षल.”

“वेडा झालास का?”

“जा. आणि पाचव्या वळणावर नीट ये. मी बघतोय.”

बोथरा खांदे उडवून निघून गेला.

डॉक्टर पांढऱ्या खुणेवर जाऊन उभा राहिला. शिट्टी तोंडाशी नेली, पुन्हा खाली घेतली. त्याला बोलायचं होतं. दोन वर्षं ज्याच्यासाठी घालवली ते आत्ता हातातून गेलं होतं, आणि छाती रिकामी वाटायच्या ऐवजी भरल्यासारखी वाटत होती. हे कुणाला तरी सांगायला हवं होतं.

समोर म्हातारा उभा होता. पाठ रस्त्याकडं, झेंडा काखेत, नजर वळणात.

भोंगा झाला. लांब पिटकडं इंजिनं गरजली.

“वस्ताद, मी ना, ते चारही ट्रॅक आता पुन्हा एकदा, वळणावर कोण असतं ते…”

“माझ्या तोंडाकडं काय बघतोस? गाडी आली.”