पाटलांचा म्हातारा बैल

कोणत्या राजाचे राज्य होते हे आता कुणालाच आठवत नाही, इतकी जुनी ही गोष्ट आहे. नदीकाठच्या एका गावाबाहेर पांजरपोळ होते. थकलेले बैल, आटलेल्या गाई, लंगडी गाढवे, सगळी तिथे येऊन पडत. त्यांना सांभाळणारी एकटी सगुणाबाई.

सगुणाबाई दमली होती. रात्रभर झोपले की जातो तसला तो थकवा नव्हता. सकाळी तिच्याबरोबरच तोही उठायचा. शेण काढायचे, विहिरीचे पाणी ओढायचे, जखमा धुवायच्या आणि मग चाऱ्यासाठी दारोदार फिरायचे. लोक म्हणत, "बाई, तुमच्यासारखं पुण्य कुणाच्या हातून होणार!" आणि दार लावून घेत.

एका उन्हाळ्यात चारा संपत आला. सगुणाबाई गावच्या पाटलांकडे गेली.

"एकेकाच्या दारी कशाला फिरता?" पाटील म्हणाले. "जनावरांसाठी मेळा भरवू. मी स्वतः चार शब्द बोलतो. बघा, लोक गाड्या भरभरून आणतील."

"तुम्ही म्हणाल तसं," ती म्हणाली. नाही म्हणायचेही तिच्यात त्राण नव्हते.

मेळा मोठा भरला. मांडव पडला, सनई वाजली, जनावरांच्या गळ्यात झेंडूच्या माळा आल्या. पाटलांच्या कडब्याच्या गाड्या सगळ्यांत पुढे उभ्या होत्या. मग कुंभाराने पेंढ्या आणल्या, तेल्याने पेंड आणली. सगुणाबाई त्या ढिगाकडे बघत राहिली. पावसाळ्यापर्यंत आता फिरावे लागणार नव्हते.

पाटील बोलायला उभे राहिले. "मुक्या जिवांनी आपल्यासाठी हाडं झिजवली. त्यांना अंतर देतो, तो माणूस कसला!"

मांडवाच्या टोकाला एक म्हातारा बैल उभा होता. त्याचे डोळे गेले होते. त्याने कान टवकारले आणि तो चालू लागला. माणसांना धडकत, अडखळत तो थेट पाटलांसमोर आला आणि त्याने मान खाली घातली, जू ठेवून घेण्यासाठी बैल घालतो तशी.

सनई थांबली.

"कुणाचा हा बैल?" पाटील घाईने म्हणाले. "बाजूला घ्या त्याला."

सगळ्यांनी सगुणाबाईकडे पाहिले. तिने कडब्याच्या गाड्यांकडे पाहिले. 'बेवारस आहे' एवढे म्हटले असते, तर उन्हाळा पार पडला असता. पण खोटे बोलायलाही अंगात बळ लागते.

"तुमचाच आहे, पाटील," ती म्हणाली. "डोळे गेलेत त्याचे. आवाजावरून ओळखलं त्यानं तुम्हाला."

पाटलांचा चेहरा काळवंडला. "भर सभेत माझी अब्रू काढता? फिरवा रे गाड्या!"

गाड्या फिरल्या. मग एकेक करून माणसेही, पेंढ्या नि पेंड तिथेच टाकून, खाली मान घालून निघून गेली.

दिवस कलताना सगुणाबाई बैलापाशी बसली. "थोडा वेळ गप्प उभा राहिला असतास, तर काय बिघडलं असतं रे?"

बैल म्हणाला, "मी काही मागायला गेलो नव्हतो, बाई. धन्याचा आवाज आला. वाटलं, पेरणीची वेळ झाली असेल."

तिने उरलेला मूठभर कडबा त्याच्यापुढे टाकला.

सकाळी कुंभार दारात उभा. "माझं गाढव न्यायला आलोय," तो पुटपुटला. "काल बैल चालायला लागला, तेव्हा वाटलं, आता तेही माझ्याकडे येणार. तिथं थांबायची छाती झाली नाही."

सगुणाबाईने दावे सोडून दिले. मग तेली आपल्या बैलासाठी आला, एक म्हातारी आपल्या आटलेल्या गाईसाठी आली. सगळे आले नाहीत. पण जे आले, तेवढे ओझे उतरले, आणि होता तो चारा उरलेल्यांना पुरू लागला.

पाटील पुष्कळ दिवसांनी आले, पायी आणि एकटे. तोवर बैल खाली बसला होता. पाटलांनी दावे धरून हळूच ओढले. बैलाने कान हलवले, अंग उचलून पाहिले, पण पाय उचलले नाहीत.

"घरी न्यायला आलो होतो," पाटील म्हणाले.

"आता त्याला उठवत नाही," सगुणाबाई म्हणाली.

पाटील तिथेच शेणामातीत बसले आणि त्यांनी बैलाच्या मानेवरच्या घट्ट्यावर हात ठेवला. त्या दिवसापासून ते रोज स्वतःच्या डोक्यावरून हिरव्या गवताचा भारा आणू लागले. घास करून त्याला भरवू लागले. पावसाची चार नक्षत्रे बैल जगला. मग एका दुपारी पाटलांच्या मांडीवर मान टाकून गेला. पाटलांना त्याला आपल्या गोठ्यात नेता आले नाही, ते नाहीच.

तात्पर्य: ज्याने जन्मभर आपल्यासाठी कष्ट उपसले, त्याला टाकून दिल्याची भरपाई कितीही मोठ्या दानाने होत नाही, त्याला वेळेवर सांभाळावेच लागते.