चिचुंद्रीच्या चाकूचं टोक

शेताच्या बांधात एक बीळ. बिळात राहायची चिचुंद्री. चिचुंद्रीचं होतं एक पिल्लू. चिचुंद्रीचा होता एक चाकू. एवढासा. घडीचा. उघडला की खट्. मिटला की खट्.

एकदा चिचुंद्रीला बदाम सापडला. बदाम फुटेना. तिने फटीत चाकूचं टोक घातलं आणि उचकटलं.

टक्.

बदाम तसाच राहिला. चाकूचं टोक मोडलं.

तेवढ्यात पिल्लू आलं. लंगडत आलं. "आई, काटा गेला पायात."

काटा खोल होता. चाकूच्या टोकानेच निघाला असता. आणि टोक तर मोडलं.

"तू इथेच बस," चिचुंद्री म्हणाली. "पाय टेकवू नको. बाहेर येऊ नको. कुणी हाक मारली तरी येऊ नको. मी आलेच."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली हुसेनचाचांकडे. चाचा झाडाखाली बसून धार लावायचे. त्यांचं दगडी चाक फिरायचं, घर्र घर्र.

"चाचा, चाचा, टोक करून द्या.
पिल्लाच्या पायात काटा,
चाकूला नाही टोक."

चाचा म्हणाले, "करीन की. पण चाक कोरडं आहे. कोरड्यावर घासलं तर पातं तापतं. आधी पाणी आण."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली विहिरीकडे.

"विहीरबाई, विहीरबाई, पाणी द्या.
पिल्लाच्या पायात काटा,
चाकूला नाही टोक.
चाचा म्हणतात, पाणी आण."

विहीर म्हणाली, "पाणी किती खाली आहे बघ. वाकू नको, नुसतं बघ. बादलीला दोर नको? आधी दोर आण."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली दोराकडे.

"दोरदादा, दोरदादा, विहिरीवर चला.
पिल्लाच्या पायात काटा,
चाकूला नाही टोक.
चाचा म्हणतात, पाणी आण.
विहीर म्हणते, दोर आण."

दोर म्हणाला, "कसा येऊ? म्हैस बसलीय माझ्यावर. सकाळपासून बसलीय. आधी म्हैस उठव."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली म्हशीच्या तोंडापाशी.

"म्हैसमावशी, म्हैसमावशी, जरा उठा.
पिल्लाच्या पायात काटा,
चाकूला नाही टोक.
चाचा म्हणतात, पाणी आण.
विहीर म्हणते, दोर आण.
दोर म्हणतो, म्हैस उठव."

म्हैस म्हणाली, "आत्ताच तर बसले. उपाशी कुणी उठतं का? आधी गवत आण."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली गवताकडे.

"गवतराव, गवतराव, म्हशीकडे चला.
पिल्लाच्या पायात काटा,
चाकूला नाही टोक.
चाचा म्हणतात, पाणी आण.
विहीर म्हणते, दोर आण.
दोर म्हणतो, म्हैस उठव.
म्हैस म्हणते, गवत आण."

गवत म्हणालं, "दातांनी नको हं. गुदगुल्या होतात. आधी विळा आण."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री गेली विळ्याकडे.

"विळेबुवा, विळेबुवा, गवत कापा.
पिल्लाच्या पायात काटा,
चाकूला नाही टोक.
चाचा म्हणतात, पाणी आण.
विहीर म्हणते, दोर आण.
दोर म्हणतो, म्हैस उठव.
म्हैस म्हणते, गवत आण.
गवत म्हणतं, विळा आण."

विळा म्हणाला, "मी बोथट. माझ्याने लोणीसुद्धा कापवत नाही. आधी धार लाव."

धार कोण लावणार? चाचा.

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री परत चाचांकडे.

"चाचा, चाचा, विळ्याला धार लावा.
पिल्लाच्या पायात काटा,
चाकूला नाही टोक.
चाचा म्हणतात, पाणी आण.
विहीर म्हणते, दोर आण.
दोर म्हणतो, म्हैस उठव.
म्हैस म्हणते, गवत आण.
गवत म्हणतं, विळा आण.
विळा म्हणतो, धार लाव."

चाचा म्हणाले, "लावली असती. पण पाणी कुठे आहे?"

चिचुंद्री खाली बसली. तिने चाकू उघडला. खट्. मोडक्या टोकाकडे बघितलं. पात्यावरून बोट फिरवायला गेली.

"अगं, बोट सांभाळ," चाचा म्हणाले. "कापेल."

"कापेल?" चिचुंद्री म्हणाली.

"कापेल तर काय. टोक मोडलंय. धार आहे तशीच आहे."

चिचुंद्री उठली. तुरुतुरु तुरुतुरु, थेट गवताकडे.

कच कच कच. चाकूने गवत कापलं.
चव चव चव. म्हशीने गवत खाल्लं.
म्हैस उठली. दोर सुटला.
सर सर सर. दोर विहिरीत गेला.
डुबुक. बादली बुडाली. पाणी वर आलं.

चिचुंद्रीने पानाचा द्रोण भरला. न सांडता आणला. थोडं सांडलं.

चाचांनी चाकावर पाणी शिंपडलं. चाकू पाठीकडून घासला. धारेला चाक लागू दिलं नाही. घर्र घर्र, घर्र घर्र. चाकू जरासा आखूड झाला. पण टोक आलं.

"याने आता उचकटायचं नाही," चाचा म्हणाले. "आणि विळ्याला म्हणावं, ये. पाणी आलंय."

तुरुतुरु तुरुतुरु. चिचुंद्री बिळात आली. पिल्लू तिथेच होतं. पाय वर धरून बसलं होतं.

"तिकडे बघ," चिचुंद्री म्हणाली. पिल्लाने तिकडे बघितलं. चिचुंद्रीने टोकाने अलगद काटा काढला.

"कधी काढणार?" पिल्लाने विचारलं.

"काढला."

पिल्लाने पाय टेकवला. मग दुसरा टेकवला. आणि पळालं. तुरुतुरु तुरुतुरु.

"खाली बघून पळ," चिचुंद्री म्हणाली.

खट्. चाकू मिटला. गोष्ट मिटली. आता तुझे डोळे मिट.