माळावरचा थांबा

फार वर्षांपूर्वी एका रानात सगळ्या प्राण्यांच्या मालकीची आगगाडी होती आणि ती रेडा ओढायचा. गाडी उशिरा येते म्हणून सभेने ती कोल्ह्याला चालवायला दिली. कोल्ह्याने गाडी वेळेवर आणली, पण माळावरचा थांबा तोट्याचा म्हणून बंद केला.

एके दिवशी माळावर साळिंदरीण तापाने फणफणलेलं पिल्लू घेऊन उभी होती. रेड्याला पुढे जाववेना. तो थांबला.

"चल, नाहीतर कामावरून काढीन!" कोल्हा ओरडला.

"खुशाल काढ! ही चढल्याशिवाय मी पाऊल उचलणार नाही," रेडा म्हणाला.

कोल्हा प्रवाशांकडे वळला. "तुम्हालाच उशीर होतोय, सांगा याला!"

घाईतले सगळे प्रवासी मुकाट्याने उतरले आणि रेड्याशेजारी जाऊन उभे राहिले. शेवटी कोल्ह्यानेच साळिंदरिणीसाठी दार उघडलं.