कवड्याचा घास

“गावात माझं कुणी खरं मानलं न्हाई, बाबा. आता तुम्हीच सांगा. कुत्र्याला घालू तरी काय?”

सुभानबाबांनी वर पाहिलं नाही. देवळाच्या ओट्यावर बसून ते हातातल्या घंटीला नवी दोरी ओवत होते.

“कुणाच्या कुत्र्याला?”

“माझ्या. ह्या कवड्याला.”

“तुझा हाय व्हय? मग मला कशाला इचारतीस?”

“आज चंपाषष्ठी हाय म्हणून.”

बाबा दोरी ओवतच राहिले.

कवड्या माझ्या पायाशी बसला होता. काळ्या अंगावर पांढरे ठिपके, म्हणून कवड्या. गळ्यात दावं. कुत्रं दाव्यात बांधून देवळात आणलं म्हणून येणारा-जाणारा माझ्याकडं बघत होता. बघू दे.

मी बाबांची शिष्या नव्हे. त्यांच्या पाया पडणाऱ्या पुष्कळ आहेत. मी भांडायला गेले होते.

सुभानबाबा आमच्या डोंगरावरच्या खंडोबाचे वाघ्ये. त्यांच्या आईनं नवस फेडायला पाळण्यातलं पोर देवाला वाहिलं, ते हे. देवाचा वाघ्या म्हणजे देवाच्या दारचं कुत्रं. आमच्यात तसं म्हणतात आणि तसंच मानतात.

चंपाषष्ठीला ते देवळापुढं आपला कोटंबा मांडतात. कोटंबा म्हणजे त्यांचं भिक्षेचं लाकडी पात्र. गाव त्यात नैवेद्य घालतं. बाजरीचा रोडगा, वांग्याचं भरीत, वर कांद्याची पात. चातुर्मासापासून सोडलेला कांदा त्या दिवशी घरात येतो, त्यामुळं भरितात हात राखून कुणी घालत नाही. मग बाबा हातपाय टेकतात, भुंकतात, आणि हात न लावता तोंडानं खातात.

लग्न होऊन आले तेव्हापासून बघते. अजून काटा येतो अंगावर.

दोन-चार घास खाऊन बाबा उठले की तेच भरीत गावातल्या कुत्र्यांना. घरोघर. ज्याच्या दारात कुत्रं नाही तो दुसऱ्याचं शोधत येतो. देवाचं कुत्रं जे खातं ते आपल्या कुत्र्यानं खावं, म्हणजे पुण्य.

त्या पुण्यात माझी हरणी गेली. कवड्याची आई. षष्ठीला घराघरातलं खाऊन आली, चार दिवसांनी मान टाकली.

पुढच्या साली कवड्या. शेपूट हलवत हलवत पोटभर खाल्लं, आणि मग उभा राहीना. लघवी विटकरीच्या पाण्यासारखी लाल. गोधडीत गुंडाळून मी त्याला बाजारगावी नेलं. जनावरांच्या डॉक्टरनं त्याचा ओठ उचलला. आत हिरड्या धुतलेल्या फडक्यासारख्या पांढऱ्या.

“कांदा खाल्ला होता का यानं?”

“देवाचं भरीत खाल्लं.”

“त्यात कांदा होता का?”

“बिनकांद्याचं भरीत असतं व्हय?”

“माणसाला चालतो तो. कुत्र्याचं रक्त खातो.”

कवड्या वाचला. कसा, ते माझं मला ठाऊक.

गावात येऊन सांगितलं तर हसले. माझी जाऊ चंद्रा म्हणाली, “डॉक्टर काय खंडोबापेक्षा मोठा?” देवळाचा पुजारी गेनू गुरव म्हणाला, “धुरपाबाई, सुभानबाबा उभा जन्म हेच खात्यात. देवाचं कुत्रं हाय न्हवं ते? त्येला बाधलं का कधी?”

माझ्या तोंडात तेव्हा शिव्या होत्या, त्या दिल्या.

मग बोट फिरलं माझ्याकडं. नैवेद्यानं कुणी मरत नाही, म्हणाले. नैवेद्यावर शंका घेतली की मरतं. हरणीला धुरपेच्या खोट्या मनानं मारलं. पाणवठ्यावर बायका माझ्या पाठीमागं हेच बोलायच्या. समोर बोलायची हिंमत नव्हती, कारण माझ्या हातात कळशी असायची.

यंदा दार लावून घरात बसले असते तर त्यांनी भरीत भिंतीवरून आत टाकलं असतं. म्हणून कवड्याला घेऊन सरळ बाबांच्या ओट्यावर आले.

“बोला की, बाबा.”

“मी काय बोलू? कुत्र्याचं हाय. कुत्र्यालाच इचार.”

“कुत्रं बोलतं व्हय?”

“मी बोलतो न्हवं? मीबी कुत्रंच हाय.”

“तुम्ही सोंगाचं. ह्यो खरा.”

ओट्यापाशी फुलं विकणारी म्हातारी पदर तोंडावर धरून मागं सरली. बाबांचा हात दोरीवर थांबला.

“पुन्यांदा म्हण.”

“तुम्ही सोंगाचं कुत्रं, बाबा. ह्यो खरा. तुम्ही खाता ते माणसाच्या पोटात जातं.”

बाबा माझ्याकडं बघत राहिले. राग नव्हता डोळ्यात. काय होतं ते मला सांगता येत नाही. विहिरीत वाकून बघावं आणि खालून कुणीतरी आपल्याकडं बघतंय असं वाटावं, तसं झालं.

“गेल्या साली त्यानं खाल्लं, तवा शेपूट हालवत हुता?”

“व्हय. आवडलं म्हणून.”

“शेपूट घासासाठी हालत न्हाई, लेकी. हातासाठी हालतं.”

“म्हंजे?”

घंटी बांधून झाली होती. ती वाजवत बाबा उठले आणि देवळात गेले.

दुपारी आरती झाली. भंडारा उधळला तसं सगळं अंगण पिवळं. माणसं पिवळी, पायऱ्या पिवळ्या, कवड्याच्या पाठीवरचे पांढरे ठिपकेसुद्धा पिवळे. अंगणाच्या मधोमध कोटंबा मांडला. बायका रांगेनं येऊन घालू लागल्या. रोडग्याचे तुकडे, भरिताचे गोळे, कांद्याचा वास सगळीकडं. चंद्रानं घातलेला गोळा सगळ्यात मोठा. माझ्याकडं बघत घातला तिनं.

“येळकोट येळकोट!”

“जय मल्हार!”

बाबांनी खांद्यावरचं कांबळं खाली सोडलं. हात टेकले, गुडघे टेकले. भुंकले. लोकांनी हात जोडले. मीही जोडले असते, पण एका हातात दावं होतं आणि दुसऱ्या हातात कवड्यासाठी घरून आणलेला डबा.

त्या गर्दीत गेनू गुरवानं माझ्या हातातलं दावं धरलं.

“सोड त्याला. देवाच्या दारात कुत्रं बांधून आणतीस?”

“हात काढ, गेनू.”

“खाऊ दे त्याला देवाबरुबर. आज हुनच जाऊ दे. बाधलं तर तुझं खरं, न्हाई बाधलं तर आमचं.”

“माझ्या कुत्र्याच्या जिवावर खरं-खोटं करतोस, मुडद्या?”

“सोडा, सोडा,” मागून आवाज आले.

गुरवानं हिसका दिला. मी त्याच्या मनगटाला चावले.

“आगं आई! हीच पिसाळली!” गेनू ओरडला.

लोक हसले. पण दावं सुटलं होतं.

कवड्या शेपूट हलवत सरळ बाबांकडं गेला. बाबांना तो ओळखतो. ते डोंगर चढायला लागले की त्यांच्या काठीमागनं हा चालतो. त्यानं बाबांच्या गालाला नाक लावलं, कान चाटला, आणि कोटंब्यात तोंड घालायला वाकला.

मी ओरडले. ढोलाच्या आवाजात ते कुणाला ऐकू जाणार?

तेव्हा बाबा गुरगुरले.

भुंकणं गावानं दरसाल ऐकलेलं. गुरगुरणं कुणी ऐकलं नव्हतं. छातीच्या तळातून आलं ते. डोंगराखालून आलं म्हटलं तरी मी नाही म्हणणार नाही. ओठ मागं गेले, उरलेसुरले दात दिसले. खांदे वर आले, छाती कोटंब्यावर आली. आपल्या घासावर कुत्रं उभं राहतं तसे बाबा उभे, आणि डोळे कवड्यावर.

ढोल थांबला.

कवड्याचं शेपूट पायांत गेलं. तो एक पाऊल मागं सरला. बाबा पुन्हा गुरगुरले. कवड्या जमिनीला पोट लावून पडला. मान वळवून बसला, दुसऱ्याचा घास कबूल केल्यासारखा.

त्या अंगणात दोन कुत्री होती. दोन्ही खरी. सकाळचा माझा शब्द मला आठवला आणि जिभेला चटका बसला.

“बाबा...” गेनू गुरवाचा आवाज चिरका झाला होता. “देवाच्या दारी आलेल्या कुत्र्याला... हाकललंत?”

बाबांनी त्याच्याकडं बघितलं नाही. कोटंब्यात तोंड घातलं आणि खाऊ लागले. दोन-चार घासांवर थांबले नाहीत. खातच राहिले. रोडगे, भरीत, पात. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कांद्यानं की कशानं, कोण सांगणार? सगळ्या गावानं घातलेलं त्या म्हाताऱ्या देहानं एकट्यानं संपवलं. कोटंब्याचे कोपरे चाटले. लाकूड चकाकायला लागलं.

पुढं उभ्या असलेल्या चंद्राच्या हातात कुत्र्यांसाठी राखलेलं भरीत होतं. तिनं ते हळूच पदराआड घेतलं.

मग बाबांनी मान माझ्याकडं वळवली. अजून हातापायांवरच. माझ्या हातातल्या डब्याकडं बघितलं फक्त.

मी डबा उघडून खाली ठेवला. दुधात कुस्करलेली बाजरीची भाकरी. मीठसुद्धा नाही. नैवेद्य म्हणून कुणी ओळखला नसता.

बाबा डब्यापाशी आले आणि आधी वास घेतला. मग बाजूला सरले आणि तोंड दुसरीकडं फिरवलं.

त्यांनी तोंड फिरवल्यावर कवड्या उठला. डब्यापाशी आला. खाऊ लागला.

शेपूट हलत नव्हतं. अगदी सरळ, शांत. समोर कुणाचा हात नव्हता, नुसता खात होता.

मी तिथंच मातीत बसले. किती वर्षं ह्या कुत्र्याला हातानं घास दिले, आणि तो खाताना कसा दिसतो ते मी पहिल्यांदा बघत होते.

डबा रिकामा झाला तसं माझ्यातलं भांडण परत जागं झालं. हरणी आठवली. वर्षभर ऐकलेलं सगळं आठवलं.

“बाबा, आता नाव सांगा,” मी उठून म्हटलं. “समद्या गावापुढं सांगा. माझी हरणी कुणी मारली? माझ्या खोट्या मनानं मारली म्हणत्यात ही माणसं. तिला पयला घास ह्या चंद्रानं घातला.”

“मला गेनूभावजींनी सांगितलं हुतं!” चंद्रा रडकुंडीला आली. “म्हणले, घाला, पुण्य लागतं.”

“मी काय मनानं सांगतो का?” गेनू चावलेलं मनगट धरून म्हणाला. “आमचा बा घालायचा. बाबा खात्यात ते बघूनच घालायचा त्यो. समदं गाव बाबांकडं बघूनच...”

तो मधेच थांबला. आपण काय बोललो ते त्याचं त्याला कळलं असावं.



बाबा गुडघ्यांवरून उठले नाहीत. रिकामा कोटंबा उचलला, कपाळाला लावला, आणि कवड्यापुढं पालथा घातला. ज्या पात्रापुढं गाव वाकतं ते पात्र. मग त्याच्या पिवळ्या पंजांवर डोकं टेकलं. कवड्यानं त्यांच्या पांढऱ्या केसांचा वास घेतला.



“नाव घ्या, बाबा,” मी म्हटलं.

बाबांनी डोकं उचललं. कपाळाला भंडारा आणि माती. माझ्याकडं नाही, कवड्याकडं बघत बोलले.

“तुझ्या आईवर गुरगुरायचं ज्याचं ऱ्हाऊन गेलं, बाळा, त्येचं नाव... सुभान्या.”