सुनेचं दार

एका टेकडीच्या उतारावर, जुन्या वडाच्या आसपास, रानउंदरांची वस्ती होती. मुलांनो, त्या वस्तीची एक रीत होती. नवी सून आली, की तिने पहिल्याच दिवशी आपल्या पंजांनी बिळाला एक मागचं दार खणायचं. वेळ पडली तर अख्ख्या घराला निसटता यावं म्हणून. त्याला सुनेचं दार म्हणत. ऐन थंडीत एक उंदरीण लग्न होऊन तिथे आली आणि खाली मान घालून खणू लागली. सासूबाई कोपऱ्यातून म्हणाल्या, "खण बाई, रीत आहे म्हणून खण. उद्या लिंपायचंच आहे."

कारण वस्तीत आता सोयी आल्या होत्या. प्रत्येक दारात कोळ्याच्या धाग्याला काजव्यांचा झुबका लटकत असे, आणि तो धागा झुडपांवरून थेट वडाच्या ढोलीत जाई. वडाखालच्या गरम झऱ्याची ऊब घुशीने खणलेल्या बोगद्यांतून घराघरांत येई. मागच्या दारांनी ऊब वाया जाते, ती दारं बुजवा, असा वडाखालून निरोप होता. सगळ्यांनी बुजवली. सासूबाईंनीही आपलं जुनं दार बुजवून त्याला पाठ टेकून बसायची सवय लावून घेतली होती. त्यांचे सांधे दुखत आणि तिथे छान शेक लागे.

सून बोलायची कमी, त्यामुळे तिला ऐकू जास्त येई. ऊब सलग येत नव्हती. यायची, थांबायची, थोडी मागे जायची, पुन्हा यायची. झोपलेल्या कुणाच्या तरी नाकापाशी बसल्यासारखं वाटे. घरात कुणी चाललं, की काजव्यांचा झुबका हले आणि ती थरथर धाग्यावरून वडाकडे निघून जाई. शिवाय एवढ्याशा उबेसाठी बोगदा इतका रुंद कशाला, हेही तिला कळेना.

शेजारच्या बिळात तिची चुलत जाऊ राही. ती रोज भिंतीपलीकडून हाक मारी, "उठलात का, नवीनबाई?" एके दिवशी हाक आली नाही. सून बघायला गेली. दारात उजेड होता. आत छान ऊब होती. अर्धवट कुरतडलेला दाणा जमिनीवर पडला होता. घरात कुणीही नव्हतं.

"माहेरी गेली असेल," सासूबाई म्हणाल्या.

सासरा, नवरा आणि चार पिल्लं घेऊन माहेरी जाणारी जाऊ सुनेने पाहिली नव्हती. बाहेर कोळी धागा ताणत बसला होता, तिने त्याला विचारलं, "काका, त्या घरात कुणी नाही. मग दिवा कशाला?"

"जोडणी चालू आहे ना," कोळी म्हणाला. "घरात कोण आहे, कोण नाही, ते माझ्याकडे नाही. मी फक्त उजेडाचं बघतो. उबेचं घुशीला विचार."

घूस बोगद्याच्या तोंडाशी माती उपसत होती. ती म्हणाली, "मी फक्त उबेचं बघते, बाई. आणि तुमचं मागचं दार अजून उघडं दिसतंय. खालून हुकूम आहे."

"खालून कुणाचा?"

"मालकांचा. उजेड त्यांचाच, ऊबही त्यांचीच. वडाखाली असतात."

"तुम्ही पाहिलंय त्यांना?"

घुशीने पंजे झटकले. "फार मोठे आहेत. मी आजवर एकच बाजू पाहिली. तिच्या पुढेही ते होतेच."

त्या संध्याकाळी सासूबाई म्हणाल्या, "सूनबाई, दार लिंपून टाक गं. माझे गुडघे धरलेत."

"हो, आई," सून म्हणाली. नव्या सुनेला पुष्कळ गोष्टींना हो म्हणावं लागतं. तिने दारात सुकं गवत कोंबलं आणि आतून वरवर मातीचा हात फिरवला. दिसायला भिंत झाली.

पुढे एकदा भर दुपारी ऊब थांबली. नवरा दाणे आणायला गेला होता, घरात दोघीच होत्या. "काय बाई यांचा कारभार," सासूबाई कुरकुरल्या, "ऐन थंडीत बंद करतात."

सून बोगद्याकडे बघत होती. ऊब बंद झाली नव्हती. ती अडली होती. बोगदा भरून काहीतरी उबेच्या वाटेने येत होतं. दोघीही जागच्या हलल्या नव्हत्या, तरी झुबका थरथरत होता, आणि या वेळी थरथर वडाकडून घराकडे येत होती. पुढचं दार बोगद्याच्या तोंडालगत होतं. तिकडून जाणं शक्य नव्हतं.

"आई," ती हळूच म्हणाली, "उठा. बोलू नका."

सासूबाई सवयीने आपल्या जुन्या दाराकडे वळल्या. तिथे माती दगडासारखी झाली होती. सुनेने त्यांना ओढलं, भिंतीत डोकं घातलं, गवत मोकळं झालं, आणि दोघी उतारावरच्या उन्हात पडल्या. मागून घर भरल्याचा आवाज आला. पोत्यात धान्य ओततात तसा, संथ आणि बराच वेळ.

दाणे घेऊन परतणाऱ्या नवऱ्याला त्यांनी वाटेतच गाठलं. मग सून दारोदार सांगत फिरली. काही जणांनी दारं फोडली. काही म्हणाले, "आमच्याकडे तर छान ऊब आहे," आणि आत गेले. आजही त्या उतारावर दारादारांत दिवे लागलेले दिसतात. हाक मारली तर कुणी ओ देत नाही.

टेकडीच्या पलीकडे, बांबूच्या बेटात, तिघांनी नवं बीळ केलं. ते अंधारं होतं आणि गार होतं. सुनेने दार खणलं. ते झाल्यावर सासूबाई दुखरे गुडघे टेकून समोरच्या कोपऱ्यात माती उकरू लागल्या.

"आई, दार झालंय की," सून म्हणाली.

"ते तुझं," सासूबाई म्हणाल्या. "मीही या घरात सून म्हणूनच आले होते."

तात्पर्य : सोय जरूर घ्यावी, पण जो देतो त्याच्या सांगण्यावरून आपलं निसटायचं दार बुजवू नये.